बाबांचा डावा मेंदू

मी न्यूरोसायन्स शिकते असं सांगितलं की दुबईत अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकू स्वतःचं डोकं पुढे करायच्या. एकीचं उन्हातून आल्यावर उजवं कानशील ठणकायचं, दुसरीच्या मुलाचं गणितात लक्ष लागत नव्हतं, तिसरीचा नवरा झोपेत दात खायचा. मी म्हणायचे, "काकू, मी डॉक्टर होत नाहीये." त्या जरा वेळ माझ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "मग काय होणारेस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते विद्यापीठाकडेही नव्हतं, पण विद्यापीठाचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत होतं की फी भरून होईपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

विद्यापीठ शारजाच्या पलीकडे वाळूत नवंनवं उभं राहिलं होतं. कमानी होत्या, कारंजी होती, बाराही महिने हिरवी राहणारी लॉन होती. मेंदू मात्र नव्हते. प्रयोगशाळेसाठी परदेशातून मागवलेले मेंढ्यांचे मेंदू बंदरात अडकले होते. औषधात बुडवलेले प्राण्यांचे अवयव देशात आणायला नक्की कुठल्या खात्याची परवानगी लागते, याबद्दल खात्यांचं आपसात ठरत नव्हतं. प्रयोगशाळा सांभाळणारा इजिप्शियन गृहस्थ दर आठवड्याला "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला" म्हणायचा आणि आम्ही वह्या मिटून कँटीनमध्ये जायचो. कपाटात एक प्लास्टिकचा मेंदू होता. त्याचे सुटे भाग खुंटीवर बसवून एकमेकांत अडकवायचे. त्यातला लहान मेंदू आमच्या आधीच्या बॅचनं हरवला होता, त्यामुळे माणसाचा तोल कुठून सांभाळला जातो हे आम्हाला रिकाम्या जागेकडे बोट दाखवून शिकवलं गेलं.

एका शुक्रवारी मी घरी इतकी आदळआपट केली की बाबा म्हणाले, "चल, तुला मेंदू आणून देतो." बाबा कोकणातले, शुक्रवारचं मटण त्यांनी स्वतः आणायचं हा आमच्याकडचा अलिखित कायदा. त्यांच्याबरोबर मी खाटकाकडे गेले. "उस्ताद, पूरा निकालना, तोडना मत. लड़की के कॉलेज का काम है," असं बाबांनी ऐटीत सांगितलं. खाटकानं कवटी नेहमीसारखी मधोमध फोडली, कारण आयुष्यभर त्याच्याकडे कुणी अखंड मेंदू मागितलेला नव्हता. मग बाबांनी त्याला हिंदी, उर्दू आणि अरबी मिसळून असं काही झापलं की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसायला लागली आणि खाटीकसुद्धा हसला. दुसरा मेंदू त्यानं जिवापाड जपून काढला. विद्यापीठात नेऊन मी त्याला सुरी लावली तर तो मऊ शिऱ्यासारखा पसरला. ताजा मेंदू कापताच येत नाही, आधी कित्येक दिवस औषधात मुरवावा लागतो, हे पुस्तकात होतं, पण आम्ही त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. मी घरी येऊन पुस्तक फेकलं. बाबांनी ते उचलून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मेंदूच तो. लगेच कसा ऐकेल?"

बाबा जबल अलीत एका कंपनीच्या गोदामाचे फोरमन होते. पहाटेच कंपनीच्या बसनं जायचे आणि दिवेलागणीला यायचे. कुठला कंटेनर कुठे लावायचा, कुठला माल आधी बाहेर काढायचा, कुणी क्रेन चालवायची, हे सगळं ते ओरडून सांगायचे आणि पठाण, मल्याळी, बंगाली, बिहारी अशी माणसं ते ऐकून हलायची. म्हणजे त्यांचं काम हातांचं नव्हतंच, तोंडाचं होतं. पण ती सगळी बडबड चपलांबरोबर दाराबाहेर राहायची. घरात मराठीच बोलायचं, असा आईचा नियम होता. ती दर शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या मुलांना मराठी शिकवायची, भिंतीला चित्रांचे तक्ते लावून. माझा धाकटा भाऊ इंग्रजीत बोलला की तिला ऐकू येत नसे. "मॉम, व्हेअर इज माय जर्सी?" असं तो तीनदा विचारायचा आणि आई भाजी निवडत बसायची. बाबांच्या तोंडून चुकून "यल्ला, खाना लगाओ" निघालं तर त्यांनाही जेवण मिळायला वेळ लागायचा. बाबा हसून शब्द बदलून घ्यायचे.

मी तिसऱ्या वर्षाला असताना बाबा गोदामात कोसळले. मी वर्गात होते. भावाचा फोन विद्यापीठाच्या ऑफिसात आला, तिथल्या बाईंनी तो वर्ग संपल्यावर मला सांगितला, कारण मधे अडथळा आणायचा नाही असा नियम होता. या नियमाचा मला आजही राग येतो. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाबा पलंगावर पडलेले होते, उजवा हात पांघरुणावर निर्जीव पडलेला, तोंड किंचित वाकडं. डॉक्टर त्यांना इंग्रजीत नाव विचारत होते.

"खलास," बाबा म्हणाले.

"तुम्ही कुठे आहात?"

"खलास."

"ही कोण आहे?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी ओठ हलवले, मान हलवली, घाम आला, आणि शेवटी पुन्हा तोच शब्द बाहेर पडला. आई तोंडावर पदर धरून खोलीबाहेर गेली.

डॉक्टर मला समजावून सांगायला लागले की मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात रक्तपुरवठा थांबला आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. खरंच माहीत होतं. त्या भागाचं लॅटिन नाव मला माहीत होतं, त्याच्या शेजारच्या घडीचं माहीत होतं, कुठली रक्तवाहिनी तिथे जाते ते माहीत होतं. समजतं पण बोलता येत नाही अशा रुग्णांवर मी त्याच महिन्यात चाचणी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. "मग आता काय करायचं?" असं आईनं विचारलं तेव्हा मात्र माझ्या सगळ्या पाठांतरात एक ओळसुद्धा सापडली नाही. पुस्तकात त्या रुग्णाचं पुढे काय झालं हे कधीच नसतं. तो बिचारा एका परिच्छेदापुरता येतो, मेंदूचा कुठला भाग काय करतो ते सिद्ध करतो आणि निघून जातो.

बाबा काही आठवड्यांनी घरी आले. पाय बराचसा सावरला होता, हात थोडा हलायला लागला होता. बोलणं नव्हतं. कंपनीचा मुदीर, म्हणजे बाबांचा वरचा साहेब, लेबनानी होता. त्यानं आईला फोनवर इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, रमझान संपेपर्यंत थांबतो. बोलू लागले तर बसून करायचं काम देऊ, नाहीतर नाइलाज आहे. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि बाबांचा व्हिसा रद्द म्हणजे आम्हा तिघांचाही. घर सोडायचं, भावाची दहावी मधेच टाकायची, माझी डिग्री एक वर्ष राहिलेली असताना सोडून परत जायचं. तिकडे कुठल्या कॉलेजात कोण मला न्यूरोसायन्सच्या चौथ्या वर्षाला घेणार होतं? तिकडे तेव्हा या विषयाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. थोडक्यात सांगायचं तर बाबा बोलले तरच आम्ही तिथे राहणार होतो.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या बाई होत्या, पण त्या अरबीत आणि इंग्रजीत शिकवायच्या. खासगीत एक होत्या. "तासाला दोनशे दिरहम," आई फोन ठेवून म्हणाली, "म्हणजे अडीच हजार रुपये. आणि त्यांनासुद्धा मराठी येत नाहीच." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू शिकतेस ना मेंदू? मग तूच कर."

मी पुस्तक काढलं. त्या आठशे पानी अमेरिकन पुस्तकातल्या रुग्णांना एकच भाषा यायची. अनेक भाषा येणाऱ्या माणसाचं काय होतं, याबद्दल एका पानाच्या तळाशी बारीक टाइपात चार ओळी होत्या. माणूस लहानपणी जी भाषा पहिल्यांदा शिकतो ती सगळ्यात खोल रुजलेली असते आणि ती आधी परत येते, असा एक जुना नियम आहे. याला अपवाद आहेत. एवढंच. कुठले अपवाद, कशामुळे, किती, काही नाही. मी प्राध्यापकांकडे गेले. ते इंग्लंडचे होते, वाळूच्या देशात येऊनही रोज टाय लावायचे. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "इंटरेस्टिंग." मग त्या नियमाबद्दल म्हणाले, "हो, साधारणपणे तसंच असतं. पहिली भाषा." आणि पुढे म्हणाले की यावर टर्म पेपर का लिहीत नाहीस. मला त्या खुर्चीत बसवेना.

पण घरी आईला मी तो नियम सांगितला तेव्हा ती महिन्याभरात पहिल्यांदा ताठ बसली. "बघ," ती म्हणाली, "मी काय सांगत होते इतकी वर्षं? खोल असते ती मराठीच." तिच्या मराठीवर अमेरिकेत छापलेल्या पुस्तकानं शिक्का मारला होता. मग ती अशी कामाला लागली की विचारू नका. घरातली हिंदी तिनं झाडून काढली. संध्याकाळची हिंदी मालिका बंद केली, बाबांच्या मेंदूत गोंधळ नको म्हणून. गोदामातल्या माणसांचे फोन यायचे, त्यांना ती सांगायची, "अभी नहीं. बाद में." भेटायला येणाऱ्याला दारातच सूचना मिळायची की मराठीतच बोला. शेजारचे गुजराती काका त्यामुळे अर्धा तास हात जोडून गप्प बसून गेले. आणि रोज सकाळी बाबांना हॉलमध्ये खुर्चीवर बसवून आई भिंतीवरच्या तक्त्यासमोर पट्टी घेऊन उभी राहायची.

"अ. अननसाचा अ. म्हणा."

बाबा अननसाकडे बघायचे. "अ... अ... अ..." कपाळाची शीर तटतटायची. एकदा पुढचा आवाज काढण्यासाठी त्यांनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा इतका दाबला की बोटं पांढरी पडली. शेकडो टन माल तोंडानं हलवणारा माणूस एका अननसापुढे रडायला लागला. आई म्हणाली, "रडू नका, येईल. आ. आंब्याचा आ." मी पलीकडे बसून दिवसभराचा तपशील लिहून ठेवत होते, कारण शास्त्रीय पद्धत तशी असते. असे दिवसामागून दिवस गेले. शब्द कागदावर वाढेनात, कारण बाबांच्या तोंडात ते वाढत नव्हते. पालथ्या घड्यावर पाणी. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटायचा, पण कुणाचा ते कळत नव्हतं.

त्यात संध्याकाळच्या आरतीनं आणखी घोळ घातला. आई देवासमोर आरती म्हणायला लागली आणि बाबा खुर्चीतून तिच्याबरोबर म्हणायला लागले, एकही शब्द न अडखळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आईनं तबक खाली ठेवलं. "आली ना मराठी? बघ, आली!"

"आई, ते गाणं आहे," मी म्हटलं. "पाठ झालेलं गाणं मेंदूत वेगळीकडे असतं. शिव्या, पाढे, आरत्या, हे मोजत नाहीत."

"मोजत नाहीत?"

"पुस्तकात तसं आहे. ते आपोआप येतं, ते बोलणं नव्हे."

"तुझं पुस्तक सकाळी मला बरोबर म्हणतं आणि संध्याकाळी चूक म्हणतं," आई म्हणाली. "एकदा काय ते ठरव." आणि तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिचं काही चुकलं नव्हतं. पुस्तक तसंच होतं. आणि त्याच हिशेबात मी बाबांचा "खलास"ही, काम संपलं की गोदामात म्हणायचा तो अरबी शब्द, बाजूला टाकला होता. तोही आपोआप आलेला शब्द, तो मोजायचा नाही. हॉस्पिटलातल्या पहिल्या दिवशी माझे वडील जगातली एकच भाषा बोलले होते, ती गोदामाची, आणि मी आणि माझं पुस्तक ती मोजायला तयार नव्हतो.

रमझान संपत आला. मुदीरचा फोन दोनदा येऊन गेला. आईनं गुपचूप माळ्यावरच्या बॅगा उतरवून पुसून ठेवल्या होत्या. रमझानच्या शेवटच्या शुक्रवारी ती खाली बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, भाजी आणायला गेली असताना बेल वाजली. दारात गोदामाचा पठाण ड्रायव्हर उभा होता, हातात खजुराचा डबा. मी त्याला दारातच सांगितलं की बाबांना बोलता येत नाही आणि हिंदीत बोलायचं नाही. त्याला त्यातलं काय समजलं देव जाणे. "बेटी, पाँच मिनट," म्हणून तो आत शिरला आणि बाबांच्या समोर सोफ्यावर बसला. त्याला बाबांची तब्येत विचारायची होतीच, पण त्याहून जास्त त्याला तिकडचा त्रास सांगायचा होता. नव्या फोरमननं सगळं उलटंसुलटं करून ठेवलंय, कोरियाचा माल सापडत नाही, गाडी दोन दिवस उभी आहे, मुदीर आमच्यावर ओरडतोय. त्याचा रोजा होता, म्हणून मी फक्त बाबांचा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

"उस्ताद, वो माल आपने किधर रखवाया था?"

"तीन," आवाज आला. "तीन नंबर."

मी चमचाभर साखर हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"तीन में तो देखा, उस्ताद."

"पीछे. पीछे देखो. ऊपर नहीं, भाई. नीचे. अरे... नीचे, टायर के... टायर के पीछे."

"अच्छा! टायर के पीछे."

"हाँ. उसको बोलो... गधा है."

ड्रायव्हर मोठ्यानं हसला. मी बाहेर धावले. बाबाही हसत होते, अर्ध्या तोंडानं. "बाबा!" मी ओरडले. "बाबा, बोला ना! काय म्हणालात आत्ता?" त्यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं, आणि मी मराठीत विचारल्याबरोबर त्यांचा चेहरा तक्त्यासमोर व्हायचा तसा झाला. ओठ हलले, शब्द आला नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांशी हिंदीत बोलले. परक्याच्या वडिलांशी बोलावं तसं मला ओशाळं वाटलं.

"चाय में शक्कर कितनी?"

"एक," बाबा म्हणाले. "एक बस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते याला. पण ही म्हण लोक हसत हसत म्हणतात, मला हसू येत नव्हतं. सगळा रमझान आम्ही त्या माणसाला जी एकच वाट मोकळी होती तिच्यावर जाड भिंत बांधली होती. टीव्ही बंद, फोन बंद, माणसं बंद, वर अननस. पहिली भाषा खोल असते म्हणे. पण वीस वर्षं रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हा माणूस ज्या भाषेत जगला, ओरडला, हसला, ती त्या चार ओळींत कुठे होती? पुस्तक लिहिणाऱ्यांना जबल अली माहीत नव्हतं. ज्या देशात प्रत्येक जण स्वतःची भाषा डब्यात झाकून आणतो आणि दिवसभर दुसऱ्याच भाषेत राबतो, त्या देशातल्या विद्यापीठात ते पुस्तक नेमलेलं होतं, आणि टाय लावलेल्या आमच्या प्राध्यापकांनाही कधी प्रश्न पडला नाही. मला पडायला हवा होता तर मीही त्यांच्याच तालमीत तयार झालेली.

आई भाजी घेऊन वर आली. मी तिला सांगितलं. तिला आधी पटेना, मग बाबांनी ड्रायव्हरला "खुदा हाफिज, ठीक से चलाना" म्हटलेलं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसली.

"माझ्याशी नाही बोलत," ती म्हणाली. "आणि त्या ड्रायव्हरशी बोलतात."

"आई, ते मुद्दाम नाही करत."

"मला कळतंय ते," ती म्हणाली. "मला कळतं म्हणून मला बरं वाटलं पाहिजे का?" मी भाजीची पिशवी उचलून आत नेली.

पण वेळ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळं उलटं फिरवलं. तक्ते उतरले, टीव्ही लागला, गोदामातल्या माणसांना आम्हीच फोन करून बोलावलं. इफ्तारनंतर ती टोळी यायची, हॉलभर बसायची, कंटेनर आणि क्रेन आणि मुदीरच्या नकला चालायच्या आणि बाबांचे शब्द वाढत जायचे. तुटकतुटकच, पण वाढायचे. भावाला तर बरंच झालं. त्याला इंग्रजीइतकीच हिंदी यायची, तो बाबांबरोबर क्रिकेट बघत "आउट था ना?" "नहीं, नॉट आउट" असं तासन्‌तास बोलायला लागला.

ईदनंतर मुदीर घरी आला. आईनं नवा टेबलक्लॉथ घातला होता. मी बाबांच्या शेजारी बसले. मुदीरनं गोदामातल्या सगळ्यांसारखंच मोडक्या हिंदीत विचारलं, "कैसा है, हबीबी?"

"ठीक है, साहब. पैर ठीक. हाथ... थोड़ा कम. बैठके काम करेगा."

"वो कोरिया का माल तुमने बताया?"

"हाँ. टायर के पीछे."

मुदीर हसला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास. सॅटर्डे से आओ." आणि चहा संपवून गेला. दार लागल्यावर भाऊ सोफ्यावर उड्या मारायला लागला. आम्ही राहणार होतो. आई बॅगा पुन्हा माळ्यावर चढवायला गेली आणि बराच वेळ आतून बाहेर आली नाही.

मी शेवटी तो टर्म पेपर लिहिला, रागारागातच लिहिला. प्राध्यापकांनी तो परत दिला तेव्हा पहिल्या पानावर त्यांचं लाडकं "इंटरेस्टिंग" होतंच. शेवटी लिहिलं होतं की हिंदीसाठी प्रमाणित चाचणी वापरलेली नाही, आणि एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. मी त्यांना म्हटलं, "सर, आमच्या घरात तेवढाच एक होता." त्यांना वाटलं मी विनोद केला. मार्क बरे पडले. पुढच्या वर्षी डिग्रीही मिळाली, तिच्या जोरावर शिक्षण आणि नोकरी, सगळं रीतसर झालं, आणि लोक अजूनही विचारतात की वडिलांमुळे या विषयाची आवड लागली का. आवड कसली डोंबलाची. माझं त्या विषयाशी भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही.

कारण नोकरी टिकली, व्हिसा टिकला, पण बाबा घरी आले नाहीत. म्हणजे रोज संध्याकाळी कंपनीच्या बसनं यायचे, जेवायचे, बोलायचेसुद्धा. पण त्यांच्याजवळ उरलेली भाषा गोदामातली होती आणि गोदामात बायको नसते, मुलगी नसते. मी त्यांच्यासाठी "भाई" झाले, माझा भाऊ "भाई" झाला. माझं लाडाचं नाव, जे त्यांनीच ठेवलं होतं, ते त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. कुरवाळायची, दटावायची, समजूत काढायची हिंदी त्यांना कधी लागलीच नव्हती, ती कुठून येणार?

आईनं हिंदी शिकायचं ठरवलं. भाजीवाल्याशी बोलायची तिची हिंदी होती, तीच घेऊन ती बाबांसमोर उभी राहिली. एका संध्याकाळी तिनं त्यांच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "चाय लो. शक्कर कम डाला है." बाबांनी घोट घेतला, मान डोलावली. "अच्छा है, भाई," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून बाबांनी आईला कधी नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या पिढीत मारत नसत. "अगं" म्हणायचे, एवढंच, आणि त्या एवढ्याशा "अगं"मध्ये काय काय असायचं ते तिला कळायचं. मी पुढे झाले. "बाबा, अगं म्हणा. म्हणून बघा. अ-गं." मी त्यांच्या गुडघ्याशी बसले, माझ्या ओठांची हालचाल दाखवली, जीभ कुठे लावायची ते दाखवलं, शिकलेलं सगळं पणाला लावलं. त्यांनी आईकडे बघत प्रयत्न केला. मान ताणली, डोळ्यांत पाणी आलं. "अ... अ..." मग दमून त्यांनी डोळे मिटले.

"पुरे," आई मला म्हणाली. "नको छळूस त्यांना." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी तिच्यामागे गेले. मी ओट्याला टेकून उभी राहिले. ती परातीत पीठ घेऊन कणीक मळायला लागली. बाहेरून बाबांची हाक आली.

"भाई!"

मला वाटलं मला किंवा भावाला बोलावतायत. मी निघाले. आईनं कोपरानं मला अडवलं.

"आले हो," ती म्हणाली, आणि कणकेच्या हातांनीच बाहेर गेली.